पुराचा अंदाज वेगळा आणि 2050 चं प्रोजेक्शन वेगळं

जुलै लागला की आपल्या चिकोडी-निपाणी-अथणीकडच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरायला लागतात. एक म्हणजे राजापूर बंधाऱ्यातून एवढे क्युसेक सुटलंय, कल्लोळ-येडूर पूल पाण्याखाली जाणार. आणि दुसरा, 2050 पर्यंत कृष्णेचं पाणी अमुक टक्के वाढणार नाहीतर मलप्रभा आटणार. लोक दोन्हीला अंदाजच म्हणतात, आणि पहिला चुकला की राग दुसऱ्यावर काढतात!

पहिला खरा फोरकास्ट. तो आजच्या स्थितीवरनं निघतो, म्हणजे घाटात किती पडलाय, कोयनेतून किती सोडलंय, वरच्या अंगाला पातळी किती आहे, आणि त्यावरनं काही तास ते काही दिवस पुढचं सांगतात. केंद्रीय जल आयोगाचा पूर अंदाज असाच असतो. बरोबर की चूक ते दोन दिवसांत कळतंच.

दुसरा म्हणजे प्रोजेक्शन, त्यात आजच्या पावसाला काही स्थान नाही. जगभरातली हवामानाची कॉम्प्युटर मॉडेलं 1850 पासून पळवत आणतात, नव्या पिढीच्या मॉडेलांत 2014 पर्यंत खरोखर जेवढे तापमान वाढवणारे वायू हवेत गेले तेवढे घालतात आणि त्यापुढे "समजा जगाने असा धूर सोडला तर" अशा वेगवेगळ्या वाटा धरतात, त्यांनाच एसएसपी म्हणतात. आता गंमत बघा, मॉडेलमधलं 2019 म्हणजे आपलं 2019 नव्हेच. त्या ऑगस्टला कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्यांनी आपल्याला बुडवलं पण मॉडेलच्या 2019 मध्ये साधा पावसाळा असू शकतो, आणि तो मॉडेलचा दोष धरत नाहीत. तिथं बघायची ती वीस-तीस वर्षांची सरासरी, आणि मोठा पूर पूर्वीपेक्षा जास्त वेळा येतोय का ते. त्यामुळे "2043 ला महापूर" असलं काही आलं तर सरळ डिलीट मारा.

नदीपर्यंत यायला अजून बराच पल्ला आहे. ग्लोबल मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं, आणि त्यातला एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. आंबोलीत वर्षाला 7,000 मिमीच्या आसपास पाऊस, बेळगावात साधारण 1,300, आणि दोन्ही एकाच चौकोनात येऊ शकतात. घाटाची उंची मॉडेलमध्ये पार चपटी होऊन जाते, मग घाटावर ढग अडून पडणारा पाऊस तिथं नीट येणार कुठून? घटप्रभा-हिरण्यकेशीला तर तोच पाऊस पोसतो. म्हणून बारीक चौकोनाची प्रादेशिक मॉडेलं वापरतात (पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने हे काम केलंय), मग जुन्या नोंदींशी ताडून पाऊस दुरुस्त करतात, आणि तो पाऊस जमीन-पीक-बाष्पीभवन धरणाऱ्या नदीच्या मॉडेलमध्ये घालतात. ह्या प्रत्येक पायरीवर आकडा हलतो.

आणि पाऊस 10 टक्के वाढला म्हणून नदीही 10 टक्के वाढते असं नाही हं. समजा अथणीकडच्या कोरड्या भागात 600 मिमी पडला आणि त्यातला 60 च ओढ्याला लागला, बाकी जमीन, पीक आणि उन्हाने खाल्ला. आता पाऊस 60 ने वाढला आणि उन्हाने जास्त काही ओढलं नाही तर ओढा दुप्पट, पण तापमान वाढून तेवढंच बाष्प गेलं तर ओढा जिथल्या तिथे. त्यामुळे एका मॉडेलचा एकच आकडा असलेली बातमी मी तरी मनावर घेत नाही. दहा-पंधरा मॉडेलं कुठून कुठपर्यंत पसरलीत ते दिलं असेल तर वाचायची, आणि बहुतेक सगळी एकाच दिशेला झुकत असतील तर पुलाची उंची ठरवताना ते धरायलाच पाहिजे.

अजून एक, प्रवाह कुठल्या जागेचा सांगतायत ते बघा. असल्या बऱ्याच अभ्यासांत धरणं नाहीतच असं धरून नैसर्गिक प्रवाह काढलेला असतो. खानापूरजवळची मलप्रभा असेल तर तो आकडा मोजलेल्या पाण्याशी ताडून बघता येतो, पण घटप्रभेवरच्या हिडकल किंवा मलप्रभेवरच्या नवीलुतीर्थ धरणाच्या खाली गेलात की गेट कधी उघडलं आणि कालव्याला किती सोडलं, नदीत पाणी त्यावर.