एफ, ओ, एन, एच, के, झेड म्हणजे विदर्भ

माझी आत्या नागपुरात महालात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं आपल्या भागातले बोलीतले शब्द जमवायला घेतले. भाजीवाली, शेजारच्या म्हाताऱ्या, उमरेडकडून येणारे पाहुणे, ज्याच्या तोंडून जो शब्द पडेल तो वहीत. सांबार म्हणजे कोथिंबीर. गंज म्हणजे पातेलं. पोट्टं म्हणजे पोरगं. १९९८च्या सुमारास सीताबर्डीवरच्या एका डीटीपीवाल्याकडून तिनं ते सगळं टाईप करून घेतलं. पुढे एका पावसाळ्यात छत गळलं आणि वह्यांचा लगदा झाला. उरल्या त्या साडेतीन इंची अकरा फ्लॉप्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

गेल्या दिवाळीत तिनं तो डबा माझ्या हातात दिला. "तुझ्या कम्प्युटरवर उघडून दे," एवढंच म्हणाली.

लॅपटॉपला फ्लॉपी घालायला जागाच नसते, पण यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. फ्लॉपीच्या आत पातळ प्लास्टिकची लवचीक चकती असते आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा थर. चकतीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार वाटा, प्रत्येक वाटेवर १८ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट्स; बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. गुणाकार केला की १४,७४,५६० येतात. हल्ली मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा यात मावत नाही, पण मजकूर शेकडो पानं मावतो. या थराचे शत्रू दोन, मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा आणि पावसाळ्यातली बुरशी. नागपुरात दोन्ही भरपूर.

म्हणून आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकती खूण उघडी केली. तिथलं भोक मोकळं दिसलं की ड्राइव्ह तिच्यावर काही लिहीत नाही. मग एकेका फ्लॉपीची कप्प्यागणिक हुबेहूब नक्कल काढली आणि पुढचं सगळं काम नकलेवर केलं. हे मी आवर्जून सांगते, कारण जुनी फाईल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडायची आणि चटकन सेव्ह करायचं ही सवय फार महागात पडते. नव्या प्रोग्रॅमला जे कळलं नाही ते सेव्ह करताना कायमचं पुसलं जातं. नऊ फ्लॉप्या पूर्ण निघाल्या. एकीतले काही कप्पे गेले होते. एक अजिबात बोलली नाही.

फाईल कोणत्या प्रोग्रॅमची हे तिच्या नावावरून ठरवू नये, तिचे पहिले काही बाइट पाहावेत. जुन्या वर्डची फाईल २०८, २०७, १७, २२४ या आकड्यांनी सुरू होते. २००७पासून आलेला वर्डचा नवा प्रकार खरं तर झिप केलेली पिशवी आहे, तिची सुरुवात ८० आणि ७५ म्हणजे 'पी' आणि 'के'. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ही आद्याक्षरं. वर्डपरफेक्ट या जुन्या लेखन-प्रोग्रॅमची फाईल २५५ने सुरू होते आणि पाठोपाठ 'डब्ल्यू, पी, सी' येतं. त्याहून जुन्या वर्डस्टारला अशी पाटी नव्हती, पण तो वेगळ्या खुणेनं ओळखू येतो. इंग्रजी अक्षरांना १२७पर्यंतचे आकडे पुरतात, त्यामुळे बाइटच्या आठ बिटांपैकी, म्हणजे शून्य-एकच्या आठ जागांपैकी, आठवा बिट रिकामा राहतो. वर्डस्टार तो बिट शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर खुणेसारखा वापरायचा. म्हणून अशी फाईल दुसरीकडे उघडली की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडलेलं दिसतं. त्यातून १२८ वजा करा, शब्द परत येतो.

आत्याच्या फायली वर्डच्या होत्या. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनं त्या मुकाट्यानं उघडल्या. पहिल्या पानावर, शीर्षकाच्या जागी, रोमन अक्षरं होती: एफ, ओ, एन, मोठा एच, के, मोठा झेड. खाली पानंच्या पानं तसलीच.

आत्या शेजारीच बसली होती. "काहून गं, वाचता येऊन नाही राहिलं का?"

फाईल उघडली होती. तिचा एकही बाइट बिघडलेला नव्हता. तरी मराठी नव्हतं, कारण या फाईलमध्ये मराठी कधी नव्हतंच.

१९९८ साली घरोघरच्या विंडोजला देवनागरी येत नव्हती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरलेलं होतं, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या, संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डावर ते चालतही होतं. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्तीही १९९१चीच. पण सीताबर्डीवरच्या दुकानात लग्नपत्रिका आजच छापून हव्या होत्या, मानक पोचण्याची वाट कोण पाहणार? त्यावर फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. संगणकाला वाटू द्यायचं की आपण इंग्रजीच लिहितो आहोत. फक्त फॉन्टमध्ये 'एफ'च्या जागी एफचं चित्र न ठेवता पहिल्या वेलांटीचं चित्र ठेवायचं, 'ओ'च्या जागी 'व'चं, 'एन'च्या जागी 'द'चं. संगणक १०२ हा आकडा साठवतो, पडद्यावर वेलांटी उमटते. फाईलमध्ये राहतात ते इंग्रजी अक्षरांचे आकडे आणि मराठी राहतं ते फक्त त्या फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला की भाषा गेली. आमच्या फायलींत कृतिदेव नावाचा असा फॉन्ट होता, आणि तो ओळखण्याजोगा आहे हे आमचं नशीब.

आता शीर्षकाकडे पुन्हा पाहू. एफ म्हणजे पहिली वेलांटी, ओ म्हणजे व, एन म्हणजे द, मोठा एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना, मोठा झेड म्हणजे रफार. वेलांटी, व, द, अर्धा भ, काना, रफार. विदर्भ.

अर्धा भ आणि काना मिळून भ, हे वाचताना मी क्षणभर थांबले. ही टाईपरायटरची आठवण आहे. रेमिंग्टनच्या यंत्रावर कळा मोजक्याच, म्हणून अर्धं अक्षर एका कळीवर ठेवलं आणि त्याला उभी रेघ जोडून पूर्ण करायचं. टायपिंगच्या वर्गातून शिकून आलेल्या हातांना तीच रचना संगणकावर हवी होती. त्यामुळे कृतिदेवमध्ये 'के' दोन कामं करतो, कधी तो खरा काना असतो आणि कधी नुसती अक्षराची उभी रेघ.

म्हणूनच हा मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम नुसतं 'शोधा आणि बदला' करून होत नाही. मी आधी तेच करून पाहिलं. सगळ्या 'के'ना काना केलं, तेव्हा प्रत्येक भ, ध, थ, ण पाय मोडून पडला आणि त्याच्या पुढे काना लोंबकळत राहिला. योग्य क्रम असा, की लांब जोड्या आधी बदलायच्या: अर्धा भ आणि काना हे एकत्र दिसले की भ, अर्धा ध आणि काना दिसले की ध. हे सगळं आटोपल्यावर जे 'के' उरतील ते खरे काने.

पुढची अडचण क्रमाची. कागदावर वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून जुना फॉन्ट ती व्यंजनाच्या आधी साठवतो. युनिकोड उच्चाराप्रमाणे चालतो: आधी व, मग वेलांटी. बदलताना वेलांटीला उडी मारून पुढे जावं लागतं, आणि 'स्थिती'सारख्या शब्दात अख्ख्या जोडाक्षरावरून उडी घ्यावी लागते, नाहीतर ती स आणि थ यांच्या मध्ये अडकते. रफाराचं उलट. तो डोक्यावर शेवटी काढला जातो पण बोलला आधी जातो. 'वर्धा' लिहिताना डीटीपीवाल्यानं व, ध, काना आणि मग रफार दाबलेला असतो. त्या रफाराला काना ओलांडून, ध ओलांडून मागे यायचं, तेव्हा युनिकोडमधला क्रम तयार होतो: व, र, हलन्त, ध, काना. 'विदर्भ' या एका शब्दात वेलांटीची पुढची उडी आणि रफाराची मागची उडी दोन्ही आहेत. हे बदल करायला मी लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर चालतो का, हे मी त्याच शब्दावर तपासत होते.

मराठीची एक जागा मात्र फार जपावी लागते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आडवी चंद्रकोर. हिंदीला ही चंद्रकोर लागत नाही, त्यामुळे कोणत्या खुणेचं कोणतं अक्षर करायचं याचा, हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेला तक्ता इथे कामाला येत नाही. युनिकोडमध्ये तिच्यासाठी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, दिलेला वेगळा र आहे, क्रमांक २३५३, आणि त्यापुढे हलन्त. हा नियम वेगळा लिहिला, तेव्हा आत्याच्या म्हाताऱ्या पुन्हा म्हाताऱ्या झाल्या.

आठ फ्लॉप्या अशा सुटल्या. नववी आणि ती अर्धवट खराब झालेली, या दोन्ही दुसऱ्या दुकानात टाईप झाल्या होत्या. दुकान कधीच बंद झालं. त्यातला फॉन्ट कृतिदेव नव्हता, माझ्याकडच्या एकाही जुन्या फॉन्टशी तो जुळेना.

इथं कूटलिपी फोडणाऱ्यांची जुनी रीत उपयोगी पडली. प्रत्येक खूण किती वेळा येते ते मोजायचं. मराठी मजकुरात कान्याइतकं दुसरं काही येत नाही, त्यात जुन्या फॉन्टांत तो अक्षरांची रेघही होतो. सर्वांत जास्त वेळा आलेली खूण काना धरून चाललो. शिवाय आत्याच्या शब्दकोशाची घडण हीच मोठी किल्ली होती, कारण जवळजवळ प्रत्येक ओळीत शब्दानंतर 'म्हणजे' आहे. ओळीमागून ओळ एकच क्रम येत होता आणि त्याच्या मधोमध माझा काना. म्हणजे अर्धा म, ह, अर्धा ण, काना, ज, मात्रा. एका झटक्यात पाच नव्या खुणा हाती आल्या. मग पूर्णविरामाच्या अलीकडे सतत येणारा एक छोटा शब्द दिसला: काहीतरी, काना, ह, मात्रा. तो 'आहे' असणार, म्हणजे पहिली खूण अ. त्यानंतर 'नाही', त्यातून न आणि दुसरी वेलांटी. 'सांबार' समोर आला तेव्हा स, अनुस्वार, ब आणि र एकदम मिळाले. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत बसले होते.

शेवटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खुणा उरल्या. त्यातली एक होती भ आणि ताड यांच्या मध्ये, अर्थ दिला होता 'वेडगळ माणूस'. मी जन्माची पुण्याची, मला काही सुचेना. सकाळी आत्याला फोन लावला. "भ, मग काहीतरी, मग ताड. अर्थ वेडगळ," मी म्हटलं.

"अगं, भैताड!" पलीकडून आत्या एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

तक्त्यातल्या त्या ओळीत मी दोन मात्रा भरल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. बैल, पैसा, मैतर सगळे जागच्या जागी आले.