क्रोम केलेल्या प्लास्टिकचा पुन्हा दाणा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात मोल्डिंग-प्लेटिंगच्या (प्लास्टिक साच्यात घालून त्यावर धातूचा मुलामा चढवण्याच्या) कामात नळाचे नॉब, गाडीच्या ग्रिलच्या पट्ट्या असा क्रोमचा रिजेक्ट माल निघतो. हे प्लास्टिक बहुधा एबीएस, म्हणजे रबराचे कण असलेले टणक प्लास्टिक. प्लेटिंगआधी क्रोमिक आम्लात त्यातले ब्युटाडाइन रबराचे कण खाऊन सूक्ष्म खळगे केले जातात आणि धातू त्यांत रुतून बसतो. म्हणून मुलामा नखाने निघत नाही, आणि हे प्लास्टिक वितळवून पुन्हा मोल्डिंगचा दाणा (बारीक गोळ्या) काढणाऱ्या रिसायकलिंगवाल्याची डोकेदुखी इथूनच सुरू होते.

मुलाम्यात तांबे, त्यावर निकेल आणि वर जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) क्रोम असते. ३ मिमी जाडीच्या भागावर दोन्ही बाजूंनी ३५-३५ मायक्रॉन थर धरला, तर धातू आकारमानाने सव्वादोन टक्के, पण वजनाने १६ टक्क्यांच्या आसपास भरतो.

आम्लाकडे वळण्याआधी यंत्राने जमेल तेवढा धातू काढावा. ग्राइंडरमध्ये माल ५-६ मिमीपर्यंत दळला की बराच थर तडकून सुटतो. द्रवरूप नायट्रोजनने गारठवून दळला तर आणखी सुटतो, कारण थंडीत एबीएस धातूच्या कितीतरी पट आकसते आणि ठिसूळही होते. मात्र खर्च वाढतो. निकेल चुंबकाला चिकटते, त्यामुळे मुलामा राहिलेले तुकडे मॅग्नेटिक ड्रमवर अडकतात. ते परत दळायचे. उरलेला माल १० टक्के मिठाच्या पाण्यात सोडायचा. या पाण्याची घनता १.०७ (ग्रॅम प्रति घनसेंमी), एबीएसची १.०५ म्हणून ते तरंगते; पॉलिकार्बोनेट (एबीएसपेक्षा जड प्लास्टिक) मिसळलेला माल आणि धातू तळाशी जातात. हवेचे बुडबुडे चिकटले तर धातूचे तुकडेही वर येतात, तेव्हा पाण्यात थोडा साबण टाकावा. नंतर गोड्या पाण्याने नीट धुवावे, नाहीतर मीठ एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून दाणा काढणाऱ्या यंत्राचा) स्क्रू खाते.

एवढे करूनही धातू राहिलाच, तर फेरिक क्लोराइडने तांबे-निकेल विरघळवता येते. नायट्रिक आम्लही चालते, पण त्याचा तपकिरी धूर विषारी असतो. धुवणाचे पाणी गटारात सोडायचे नाही. त्यातला निकेल-तांब्याचा गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणीच द्यावा.

दाणा काढण्याआधी माल ८० अंशांवर ३-४ तास सुकवावा. ओल राहिली की मोल्डिंगवर चंदेरी रेघा उठतात. तांब्याचा अंश राहिला तर रबर लवकर जळते, दाणा पिवळा पडतो आणि मार सोसत नाही. एक्स्ट्रूडरची जाळी वारंवार तुंबू लागली, तर वेगळे करण्याचे काम कच्चे राहिले असे समजावे. हा दाणा परत क्रोमच्या भागासाठी देऊ नये, कारण त्यातले रबर सारखे पसरलेले नसते आणि मुलाम्याला फोड येतात. नव्या दाण्यात मिसळून काळे, आतले भाग मात्र यातून चांगले होतात.