बारीक अक्षरांतील अटी

जाहिरातीतल्या ठळक दाव्याला मर्यादा घालणारा, पण त्याच्यापेक्षा कितीतरी लहान टाइपात, बहुधा तळाशी किंवा मागच्या बाजूला छापलेला मजकूर. दाव्याच्या डोक्यावर चांदणी आणि खाली 'अटी लागू' हे त्याचे परिचित रूप. दूरचित्रवाणीवर तो पडद्याच्या तळाशी क्षणभर झळकतो; रेडिओवर शेवटच्या काही सेकंदांत धाप लागेल अशा वेगाने वाचला जातो. अट घालणे मुळात गैर नाही. सवलत कधीपर्यंत, कोणाला, किती साठ्यावर, हे सांगावेच लागते. मथळ्याने दिलेले तळटीप काढून घेते तेव्हा मात्र ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरू शकते, मग तळटिपेतला शब्दन् शब्द खरा का असेना.

आज हे उघड वाटते, पण न्यायालये तिथवर हळूहळू पोचली. सुरुवातीचा विचार कराराच्या अंगाने होता. इंग्लंडमधील पार्कर विरुद्ध साउथ ईस्टर्न रेल्वे (१८७७) या खटल्यात प्रवाशाने स्टेशनवर ठेवायला दिलेली बॅग हरवली. पावतीच्या दर्शनी बाजूवर 'मागे पाहा' एवढेच होते. मागे, १० पौंडांहून अधिक किमतीच्या सामानाची जबाबदारी कंपनीवर नाही, अशी अट होती. प्रवाशाने ती वाचली का, एवढ्यावर न थांबता कंपनीने ती त्याच्या नजरेस येईल अशी पुरेशी तजवीज केली होती का, हे पाहिले पाहिजे, असे अपील न्यायालयाने ठरवले. १९५६ मध्ये इंग्रज न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी हा धागा पुढे नेला: अट जितकी जाचक, तितकी तिची सूचना ठळक हवी, काही अटी तर लाल शाईत छापून त्यांच्याकडे बोट दाखवणारा लाल हात काढल्याशिवाय पुरेशी सूचना दिली असे म्हणताच येणार नाही. थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग (१९७१) या खटल्यात तर तिकीट यंत्रातून बाहेर पडले तोवर करार होऊन गेला होता, त्यामुळे नंतर दिसणाऱ्या अटी ग्राहकाला बांधत नाहीत, असा निकाल लागला.

करार कायद्याची अडचण अशी, की त्याचा उपयोग न्यायालयाची पायरी चढणाऱ्यापुरताच होतो. लाखो लोकांकडून थोडेथोडे पैसे काढणाऱ्या जाहिरातीविरुद्ध सहसा कोणी एकटा लढत नाही. म्हणून नियामक संस्था आल्या. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३८ च्या दुरुस्तीने फसवी व्यापारी वर्तणूक थेट बेकायदेशीर ठरली. जाहिरातीतली एकेक ओळ सुटी करून तपासायची नाही, ती पाहून सामान्य ग्राहकाच्या मनावर एकूण काय ठसते ते पाहायचे, ही कसोटी पुढे पक्की झाली.

ती कशी चालते, हे अमेरिकेतील सायबरस्पेस डॉट कॉम प्रकरणात (अपील न्यायालयाचा निकाल, २००६) नेमके दिसते. कंपनीने लाखो लोकांना आणि छोट्या व्यावसायिकांना टपालाने धनादेश पाठवले, बहुतेक साडेतीन डॉलरचे. धनादेश बिलासारख्या दिसणाऱ्या कागदाला जोडलेला, छिद्रांच्या रेषेवर फाडून घेण्याजोगा; जुन्या व्यवहारातले काही परत येत असावे असे वाटायला लावणारा. तो वटवला की दरमहा शुल्काच्या इंटरनेट सेवेला संमती दिली असे समजले जाईल, हे मागे बारीक अक्षरांत होते. किमान सव्वादोन लाख ग्राहक असे अडकले. त्यांच्यापैकी एक टक्क्याहूनही कमी जणांनी ती सेवा कधी वापरली. अटी खऱ्या आणि छापलेल्या होत्या, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला. वापराचा तो आकडाच पुरेसा बोलका आहे: जी वस्तू घेतल्याचे माणसाला ठाऊकच नाही, ती तो वापरणार कशी?

ऑस्ट्रेलियात टीपीजी इंटरनेट कंपनीने महिना २९.९९ डॉलरमध्ये अमर्याद ब्रॉडबँडची जाहिरात केली. त्यासाठी आणखी ३० डॉलरची फोनजोडणी घेणे सक्तीचे होते, हे मात्र लहान टाइपात. ग्राहकांना अशा जोडविक्रीची कल्पना असते, असे खालच्या न्यायालयाने मानले. उच्च न्यायालयाने (तेथील सर्वोच्च न्यायपीठ) २०१३ मध्ये ते अमान्य करून आधी ठोठावलेला २० लाख डॉलरचा दंड पुन्हा लागू केला.

'वाचायला हवे होते' हा विक्रेत्यांचा नेहमीचा युक्तिवाद. तो अन्यायाचा आहे, कारण अक्षर किती मोठे ठेवायचे हे वाचणारा ठरवत नाही. मथळा दुरून वाचता यावा म्हणून जिवाचे रान करणाऱ्याला अटही तशीच छापता येते.

भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणे यालाही दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला किंवा जाहिरात करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. प्रसिद्ध चेहऱ्यांवर जाहिरातबंदीही घालू शकते. प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा, आणि त्याने दाव्याचे स्पष्टीकरण करावे, त्याला छेद देऊ नये. या क्षेत्रातल्या नियमांत हा मला सर्वांत उपयोगी वाटतो. तो नजरेनेच तपासता येतो.

दंडाने मनात बसलेला समज मात्र पुसला जात नाही. लिस्टरीन या माउथवॉशने सर्दी आणि घसादुखी टळते, असे अनेक दशके सांगितले गेले होते. १९७७ मध्ये अमेरिकी न्यायालयाने कंपनीला पुढच्या सुमारे एक कोटी डॉलरच्या जाहिरातींत त्याचा इन्कार छापायला लावणारा आदेश मान्य केला.

आता बारीक अक्षरे पडद्यावर आली आहेत: आधीच खूण केलेली चौकट, शेवटच्या पायरीला उघड होणारे शुल्क, दुव्यामागे दुवा. भारताने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या रचनांवर बंदी घातली. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार मागणी नोंदवायच्या बटणावर पैसे द्यावे लागतील हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ग्राहक बांधला जात नाही. आणि त्या संघाच्या न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, की हे ठरवताना फक्त बटणावरचे शब्द पाहायचे, आजूबाजूच्या पानावर काय लिहिले होते ते नाही.