शूजचा ब्रँड बदलताय? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

“इतकी वर्षं एकाच कंपनीचे शूज घेतोय, पण या वेळी काहीतरी बिनसलंय.” आमच्याकडे येणारे कितीतरी जण बोलायला सुरुवात अशीच करतात. आवाजात थोडा संकोच असतो, जुन्या मित्राची तक्रार करावी लागतेय असा. हे पत्रक त्यांच्यासाठी लिहिलं आहे. आम्ही अनेक कंपन्यांचा माल ठेवतो, त्यामुळे तुम्ही कोणता ब्रँड निवडता यात आमचा काही स्वार्थ नाही. नवा जोड घेतल्यावर तीन आठवड्यांनी तुम्ही लंगडत परत येऊ नये, एवढीच आमची काळजी आहे.

नाव तेच, शूज वेगळे

धावण्याच्या शूजचं एखादं मॉडेल साधारण वर्ष-दीड वर्षाने नव्याने बाजारात येतं. नाव कायम राहतं, पुढचा आकडा बदलतो. नायकीचं पेगासस १९८३ पासून आणि असिक्सचं जेल-कायानो १९९३ पासून असंच चालत आलं आहे. आतल्या गोष्टी मात्र आकड्यागणिक बदलत असतात. कधी फोम बदलतो, कधी टाचेची उंची, कधी चवड्याजवळची रुंदी. कायानोमध्ये पायाच्या कमानीखाली, आतल्या बाजूला, वर्षानुवर्षं जास्त घट्ट फोमचा आधार असायचा. २०२३ च्या कायानो ३० मध्ये कंपनीने तो काढला आणि आधार देण्याची पद्धतच बदलली. नवी पद्धत वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. पण तो घट्टपणाच ज्याला हवा होता, त्याने ‘आपलं नेहमीचं’ म्हणून डोळे मिटून पुढचा आकडा उचलला असेल, तर त्याच्या हाती निराळाच शूज आला. तो ब्रँडला धरून राहिला, आणि तरीही त्याचा शूज बदलला.

पायही बदलतात. वय वाढतं तशी पायाची कमान थोडी बसते आणि पाऊल लांब-रुंद होतं. गरोदरपणानंतर अनेक बायकांचं माप वाढतं आणि ते पुन्हा कमी होत नाही. तरीही लोक दहा वर्षांपूर्वी मोजलेला नंबर पाठ असल्यासारखा सांगतात. उभं राहून दोन्ही पाय पुन्हा मोजून घ्या, एवढी विनंती आम्ही प्रत्येकाला करतो. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाला बसेल तोच नंबर घ्यायचा.

निष्ठा येते कुठून

एका गावाची गोष्ट आम्हाला या संदर्भात नेहमी आठवते. जर्मनीतल्या हेर्झोगेनआउराख गावात आडोल्फ आणि रुडोल्फ डास्लर या भावांचा शूजचा कारखाना होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा धावपटू जेसी ओवेन्स त्यांचेच खिळ्यांचे बूट घालून धावला. पुढे भावांचं फाटलं, १९४८ मध्ये कारखान्याची वाटणी झाली आणि एकाचं आदिदास, दुसऱ्याचं पुमा उभं राहिलं. गावही वाटलं गेलं. समोरच्याशी बोलण्याआधी त्याच्या पायात कोणते शूज आहेत ते बघायचं, म्हणून त्या गावाला ‘मान खाली घातलेल्यांचं गाव’ असं नाव पडलं. तिथे कोणी कोणते शूज घालायचे हे घर, नोकरी आणि फुटबॉल क्लब यांवरून ठरे. पायाला काय मानवतं हा प्रश्न त्यात कुठे नव्हताच.

आपल्यापैकी बहुतेकांची निष्ठाही अशीच कुठून तरी आलेली असते. पहिला चांगला जोड, शाळेतल्या संघाचा गणवेश, आवडता खेळाडू. ती भावना खरी आहे आणि तिची किंमत आम्ही कमी करत नाही. पण माल कसा तयार होतो हेही ठाऊक असावं. तैवानची पोऊ चेन ही कंपनी नायकी, आदिदास, असिक्स, न्यू बॅलन्स अशा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे शूज बनवते. कित्येक ब्रँडच्या शूजमध्ये ऑर्थोलाइट या एकाच कंपनीचे इनसोल (शूजच्या आत, पायाखाली येणारा मऊ थर) असतात. व्हायब्रमचा रबरी तळ वेगवेगळ्या नावांच्या शूजखाली सापडतो. आदिदासच्या अनेक शूजखाली टायर बनवणाऱ्या कॉन्टिनेंटलचं रबर असतं. त्यामुळे ‘त्या कंपनीचा माल टिकतो, बाकीच्यांचा नाही’ असं सरसकट बोलण्यात फारसा अर्थ नाही.

खरा फरक फर्म्यात असतो. ज्या साच्यावर शूज चढवून शिवतात-चिकटवतात तो फर्मा प्रत्येक कंपनीचा वेगळा. टाच किती अरुंद, पायाच्या वरच्या उंचवट्याला किती जागा, बोटं किती मोकळी, हे सगळं तोच ठरवतो. ‘मला हाच ब्रँड बसतो’ असं कोणी म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला तो फर्मा बसत असतो. हे एकदा ध्यानात आलं की दुसऱ्या नावाखाली तशाच घडणीचा शूज शोधता येतो.

आधी जुना जोड नीट पाहा

ब्रँड बदलण्याआधी एक शंका दूर करून घ्या: शूज वाईट निघाले, की फक्त संपलेत? धावण्याचा शूज साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर साथ देतो. तुमचं वजन, धावण्याची ढब आणि रस्ता यांनुसार हे कमी-जास्त होतं. वरून शूज चकचकीत दिसतो, पण आतला फोम दबून मेलेला असतो. अशा थकलेल्या जोडातून थेट दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या जोडात पाय घातला की तो स्वर्ग वाटणारच. ही तुलनाच चुकीची आहे. म्हणून आम्ही एका पायात तुमच्या जुन्याच मॉडेलचा नवा शूज देतो आणि दुसऱ्या पायात दुसऱ्या कंपनीचा. मग पाय अदलाबदल करून पुन्हा चालायला लावतो. कित्येक जण असं करून शेवटी आपल्या जुन्याच ब्रँडकडे परत जातात, आणि त्यात आम्हाला आनंदच आहे.

जुन्या जोडात काय आवडत होतं आणि काय खटकत होतं, हे मात्र शब्दांत सांगता आलं पाहिजे. ‘छान होते’ यावरून आम्हाला काहीच शोधता येत नाही. करंगळीजवळची जाळी फाटली असेल तर शूज रुंदीला कमी पडत होता. अंगठ्याचं नख काळं पडत असेल तर लांबी कमी होती, किंवा लेस सैल राहून पाय पुढे घसरत होता. टाचेच्या आतलं अस्तर घासून भोक पडलं असेल तर टाच सैल होती. या खुणा जाहिरातीपेक्षा जास्त खरं सांगतात.

नंबरावर भिस्त ठेवू नका. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे ८.५ मिलिमीटर. हे माप जवाच्या दाण्यावरून आलं. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, सुमारे ६.७ मिलिमीटर. दोन्हींचं गणित कधीच नेमकं जुळत नाही. ते जुळवताना प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वर-खाली करते. शूजच्या जिभेच्या आतल्या लेबलवर बहुधा सेंटिमीटरमधला आकडा असतो. एका ब्रँडवरून दुसऱ्यावर जाताना तो आकडा जुळवून पाहा. तरी शेवटचा निवाडा पायावरच सोडा: उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

रुंदी हा वेगळा विषय आहे आणि तो फार दुर्लक्षित राहतो. पुरुषांची नेहमीची रुंदी ‘डी’ आणि बायकांची ‘बी’ या अक्षराने दाखवतात. पुरुषांच्या रुंद जोडावर ‘२ई’ आणि त्याहून रुंदवर ‘४ई’ असं लिहिलेलं असतं. रुंद पायाची माणसं वर्षानुवर्षं एक नंबर मोठा घेऊन दिवस काढतात आणि मग टाच निसटते म्हणून ब्रँडला दोष देतात. त्यांना लांबी नको असते, रुंदी हवी असते.

टाचेची उंची: इथे घाई नको

ब्रँड बदलल्यावर होणारी दुखणी आम्ही पाहतो, त्यांतली बरीचशी एकाच कारणाने होतात. टाचेखालचा सोल चवड्याखालच्या सोलपेक्षा जितका जाड, त्या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. जुन्या धाटणीच्या धावण्याच्या शूजमध्ये तो १० ते १२ मिलिमीटर असतो. होका या ब्रँडच्या बऱ्याच शूजमध्ये तो चार-पाच मिलिमीटर असतो. आल्ट्रा या ब्रँडने तर शून्य ड्रॉपवरच नाव कमावलं. सोल जाड दिसतो म्हणून ड्रॉप जास्त असेल असं समजू नका. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

ड्रॉप कमी झाला की टाच खाली येते आणि पोटरीवर, टाचेमागच्या कंडरेवर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर) जास्त ताण येतो. तो ताण सोसायला शरीर शिकतं, पण त्याला आठवडे लागतात. आमच्यातल्याच एकाने बारा मिलिमीटरवरून थेट सपाट शूजवर उडी घेतली आणि पहिल्याच रविवारी नेहमीचं लांब अंतर धावायला गेला. त्या दिवशी काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, आणि टाचेमागचं दुखणं पुढे कित्येक महिने टिकलं. शूज उत्तम होते. चूक घाईची होती, आणि हे सगळं माहीत असलेल्या माणसाने ती केली, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

म्हणून जुना जोड लगेच टाकून देऊ नका. पहिल्या आठवड्यात नवा जोड फक्त छोट्या, सावकाश धावण्यासाठी वापरा, बाकी दिवस जुना. मग हळूहळू प्रमाण बदला. ड्रॉपचा फरक मोठा असेल तर यासाठी सहा ते आठ आठवडे धरा. स्पर्धा तोंडावर असेल तर ब्रँड बदलूच नका. शर्यत होऊ द्या, मग या.

दोन जोड आलटून-पालटून वापरणं तसंही फायद्याचं दिसतं. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी हौशी धावणाऱ्या २६४ जणांवर २२ आठवडे लक्ष ठेवलं. एकाहून अधिक प्रकारचे शूज वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. एका अभ्यासावरून ब्रह्मवाक्य ठरत नाही, हे खरं. पण एकाच ब्रँडला चिकटून राहिल्याने पाय सुरक्षित राहतात, हा समज तरी त्यातून सैल होतो.

‘तुमचा पाय आत वळतो, म्हणून अमुकच शूज’ हा सल्लाही जपून घ्या. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीच्या जवानांना तळव्याची ठेवण पाहून शूज दिले गेले, आणि तुलनेसाठी इतरांना एकाच प्रकारचे दिले गेले. दुखापतींमध्ये फारसा फरक पडला नाही. पावलांच्या यांत्रिकीचा आयुष्यभर अभ्यास केलेले बेनो निग आरामाला सर्वांत जास्त महत्त्व देतात: पायाला जो शूज सुखाचा वाटतो तोच बहुधा त्या पायाचा. आमचा अनुभवही तोच आहे. ‘वापरला की सैल होईल’ असं कोणी, अगदी आमच्यापैकी कोणीही, म्हणालं तरी ऐकू नका. पहिल्या दहा मिनिटांत जे टोचतं ते दहाव्या किलोमीटरला रक्त काढतं.

एक इशारा: जुनं दुखणं असेल, मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल किंवा डॉक्टरांनी खास इनसोल दिले असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मग ब्रँड बदला.

कपड्यांचं काय?

इथे निष्ठा सोडणं सोपं आहे. रॉजर फेडरर २०१८ च्या विम्बल्डनमध्ये युनिक्लोचे कपडे घालून उतरला तेव्हा त्याच्या पायात नायकीचेच शूज होते. नोव्हाक जोकोविचही कपडे लाकोस्तचे आणि शूज असिक्सचे घालून खेळला आहे. डोक्यापासून पायापर्यंत एकच चिन्ह असायलाच हवं असं काही नाही.

घाम पटकन सुकवणाऱ्या कापडाला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, ड्राय-फिट म्हणा की आणखी काही. मुळात ते बहुतेक पॉलिएस्टर असतं. सुती कापड घाम शोषून धरून ठेवतं आणि जड होतं. पॉलिएस्टर तो पसरवून उडू देतं. त्यामुळे नावापेक्षा आतलं लेबल वाचा, कापड हाताने ताणून सोडा आणि ते लगेच मूळ जागी येतं का पाहा. मांड्यांमध्ये आणि काखेत शिवण कुठे येते तेही बघा. घासून सोलवटणारी जागा तीच असते.

स्पोर्ट्‌स ब्रा मात्र शूजइतकीच काळजीने निवडावी लागते. १९७७ मध्ये अमेरिकेत तीन बायकांनी दोन लंगोट एकत्र शिवून तिचा पहिला नमुना केला, कारण धावणाऱ्या बाईला लागेल असं काही बाजारात नव्हतंच. आजही दोन ब्रँडचं ‘मध्यम’ माप एकसारखं नसतं. बरगड्यांभोवतीचा पट्टा घट्ट बसला पाहिजे, पण दोन बोटं आत जावीत. खरा आधार खांद्यांच्या पट्ट्यांपेक्षा याच पट्ट्यातून मिळतो. जागेवर दहा उड्या मारून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आमच्याकडे त्यासाठी आडोसा आहे.

आणि नव्या कपड्यांना दोन महिन्यांत वास येऊ लागला म्हणून ब्रँडला नावं ठेवण्याआधी धुलाईकडे बघा. कपडे मऊ करणारं द्रव्य धाग्यांवर थर बसवतं आणि घाम पसरवण्याचा गुणच मारतं. ते वापरू नका, कपडे उलटे करून साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.

आमच्याकडे येताना

शक्यतो संध्याकाळी या. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि धावताना ते तसेच असतात. जुना जोड कितीही मळलेला असला तरी आणा. आम्ही तो उलटा करून आधी तळ बघतो. आठवड्याला साधारण किती आणि कुठे धावता, डांबरावर, मातीवर की मशीनवर, ते सांगा. धावत नसाल, नुसतं चालत असाल किंवा व्यायामशाळेत वजनं उचलत असाल तर तेही सांगा, कारण वजनं उचलायला मऊ फोम अडचणच करतो. नेहमीचे मोजे सोबत ठेवा. इनसोल वापरत असाल तर तेही आणा. ते घालूनच माप घेऊ.