नोकरी करताना एम.टेक.: अर्ज नेमका कुठे अडकतो

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत काही वर्षं काढली की डिझाइनमध्ये किंवा वरच्या पदावर जायला एम.टेक. लागतं, हे कळून चुकतं. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे, शासकीय अभियांत्रिकी कराडला. अर्ज मात्र राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, ऑनलाइन.

पात्रता सोपी आहे. संबंधित शाखेची बी.ई. किंवा बी.टेक., खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना 45. गुणपत्रिकेवर नुसता सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीचं पत्र आधीच आणून ठेवा. जागा आधी गेट ही अभियांत्रिकीची देशपातळीवरची परीक्षा पात्र झालेल्यांना, उरल्या तर बिगरगेटवाल्यांना. गेटचा स्कोअर निकालापासून 3 वर्षं चालतो, पण स्कोअरकार्ड वेळेत उतरवून घ्या, नंतर त्याला पैसे पडतात.

खरी रडकथा प्रायोजित जागांची, म्हणजे कंपनीच्या प्रायोजकत्वावर नोकरदाराला मिळणाऱ्या जागांची. त्यासाठी पदवीनंतर संबंधित क्षेत्रातला किमान 2 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, तोही नोंदणीकृत कंपनीतला किंवा संस्थेतला. शिकत असताना केलेली इंटर्नशिप यात धरत नाहीत. आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नेमणूकपत्र नाही, पगार रोख, पीएफचा पत्ता नाही. शेठ माणूस चांगला असतो, लेटरहेडवर चार ओळी लगेच लिहून देतो, आणि नेमक्या त्याच चार ओळी नाकारल्या जातात. माहितीपुस्तिकेत प्रायोजकत्वाचा ठरलेला नमुना असतो, तो जसाच्या तसा टाईप करून सही-शिक्का घ्या. पगार आजपासूनच बँकेत मागा, पुढे पुरावा म्हणून तोच उपयोगी पडतो.

दुसरा घोळ नॉन-क्रिमिलेअरचा, म्हणजे आरक्षणासाठी कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याचा. दाखल्यावर 31 मार्च दिसतो आणि पोरं निर्धास्त होतात. अहो, तो कोणत्या वर्षाचा? प्रवेश जुलै-ऑगस्टमधला असेल तर दाखला पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध हवा. 3 वर्षांच्या उत्पन्नाचे कागद गोळा करून सेतू केंद्रात एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. जूनमध्ये तिथली गर्दी बघवत नाही. जात पडताळणीला तर त्याहून वेळ लागतो. समितीकडे अर्ज करून 'बघू' म्हणत बसलेली किती तरी मुलं शेवटी खुल्या प्रवर्गात ढकलली गेली आहेत. वर तोच कागद दर कोर्सला नव्याने का मागतात, हे विचारायची सोय नाही.

फॉर्म, फोटो, शुल्क ही तासाभराची कामं. पण शुल्क भरलं म्हणजे अर्ज झाला, असं समजू नका. छाननीत त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्या लॉगिनला परत येतो आणि मुदत संपेपर्यंत तिथेच पडून राहतो. कामावर असलात तरी रोज लॉगिन उघडून बघा.

गेट पात्र असून पूर्णवेळ शिकणार असाल तर एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) महिना 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. प्रायोजित जागेवर ती मिळत नाही, म्हणून गेट असेल तर आधी हिशोब मांडा आणि मगच जागेचा प्रकार निवडा.

पुण्यात बी.ई. झालेल्यांचं विद्यापीठ वेगळं, म्हणून त्यांनी स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज यादी लागायच्या आधीच करून टाकावा.