प्रश्नानंतरचे तीन सेकंद

यवतमाळ किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात वर्गात बसलेल्या मुलामुलींपैकी कुणाची घरची भाषा गोंडी असते, कुणाची कोलामी, कुणाची गोरमाटी, तर कुणाची वऱ्हाडी. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत असते. प्रश्न समजून घेणे, उत्तर मनात जुळवणे आणि ते ‘शुद्ध’ भाषेत मांडणे, एवढे सगळे होईपर्यंत पहिल्या बाकावरून उत्तर आलेले असते. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील संवादांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. ही वेळ तीन सेकंदांवर नेताच उत्तरे अधिक विस्तृत झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली.

तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला मात्र अवघड जाते. आपली घाई आणि अस्वस्थता ओळखून तिच्यामागे न धावणे, हाच सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा गाभा आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये बौद्ध ध्यानपरंपरेच्या आधारे रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तेथून ही पद्धत शिक्षणात आली. माझ्या मते महाविद्यालयात तिची पहिली गरज विद्यार्थ्यांना नव्हे, प्राध्यापकांना आहे.

विद्यार्थ्यांच्या मनावरील भारही खराच आहे. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली असता, पैशांची चणचण असताना त्याच माणसांची कामगिरी खालावल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कापसाचा भाव आणि पीककर्जाची थकबाकी डोक्यात घेऊन बसलेल्या मुलीचे तासाकडे लक्ष नाही, याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. श्वास सावकाश सोडताना व्हेगस मज्जातंतूद्वारे हृदयाची गती मंदावते, म्हणून तासाच्या आरंभी दोन मिनिटे श्वासाकडे लक्ष दिल्यास शरीर थोडे सैलावते. कर्ज अर्थातच तसेच राहते.

सक्ती मात्र नको. केंब्रिज विद्यापीठात स्वेच्छेने सहभागी झालेल्या ६१६ विद्यार्थ्यांच्या प्रयोगात सजगतेच्या प्रशिक्षणाने परीक्षाकाळातील मानसिक ताण कमी झाला. ब्रिटनमधील ८४ शाळांत सरसकट सर्वांना ते शिकवले, तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. शिवाय डोळे मिटणे काहींना असुरक्षित वाटते, त्यांना जमिनीकडे पाहत बसू द्यावे. विदर्भातील अनेक गावांना तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना परिचित आहे, अनेक बौद्ध घरांत विपश्यना आहे, गोंड घरांची श्रद्धा वेगळी आहे. म्हणून वर्गातील शांततेला कोणत्याही पंथाचा मंत्र जोडू नये.

आणि ही शांतता अपमानावरचे पांघरूणही होऊ नये. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर प्रदेशातील प्रयोगात, जात जाहीर न करता कोडी सोडवायला दिली तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत फारसा फरक नव्हता. जात सर्वांसमोर उच्चारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गासह भर वर्गात वाचणारे महाविद्यालय ध्यानाचा तास ठेवत असेल, तर त्याने आधी ते वाचन थांबवावे. त्यानंतर प्रश्न फळ्यावर लिहून सर्वांना दोन मिनिटे मूकपणे, हव्या त्या भाषेत उत्तर लिहू द्यावे, आणि मगच बोलायला सांगावे.