फोटोग्राफरच्या गळ्यात दोन कॅमेरे का?

लग्नात, मोर्च्यात किंवा क्रिकेटच्या मैदानावर फोटोग्राफरच्या अंगावर दोन कॅमेरे दिसले की बघणाऱ्याला तो थाट वाटतो. असेलही थोडा. पण या सवयीला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो एका सूत्राने समजतो: कॅमेऱ्यातली जी गोष्ट ऐनवेळी बदलता येत नाही, तिच्यासाठी दुसरा कॅमेरा लागतो. ती गोष्ट कोणती, हे मात्र काळागणिक बदलत गेले.

आधी अडचण होती काचेच्या आकाराची. 19व्या शतकात निगेटिव्ह काचेवर घेत आणि ती कागदावर ठेवून थेट छापत. जेवढी काच, तेवढाच फोटो. मोठे चित्र हवे तर कॅमेराच मोठा हवा. अमेरिकी फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्स 1861 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात गेला तो सुमारे 18 बाय 22 इंची काच मावेल असा अजस्र कॅमेरा घेऊन. शिवाय स्टिरिओ चित्रांसाठी, म्हणजे खोली जाणवणाऱ्या जोडचित्रांसाठी, दुसरा छोटा कॅमेरा होताच, कारण घरोघरी खपायची ती स्टिरिओ चित्रे. त्याआधी 1855 मध्ये ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटनने क्रिमियाच्या युद्धभूमीवर पाच कॅमेरे आणि 700 काचा नेल्या होत्या. डार्करूम म्हणून दारू विक्रेत्याची जुनी घोडागाडी!

1925 मध्ये लायका हा जर्मन कॅमेरा बाजारात आला. खिशात मावणारा कॅमेरा, एका रोलवर 36 फोटो. आता एकच पुरायला हवा होता. पण अडचण काचेवरून रोलवर आली. 1936 मध्ये लायकासारख्या, 35 मिमी रुंद फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म मिळू लागली. तिचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, फक्त 10 एएसएच्या आसपास (एएसए हे त्याचे माप), म्हणजे लख्ख ऊन हवे. ती धुण्याची प्रक्रियाही इतकी किचकट, की रोल खास प्रयोगशाळेतच पाठवावा लागे. ब्लॅक अँड व्हाइट मात्र हॉटेलच्या बाथरूममध्येही धुता येई, आणि वर्तमानपत्रांना तेच हवे असे. रंगीत फोटो मागायची ती मासिके. अर्धा वापरलेला रोल काढून दुसरा भरणे म्हणजे डोकेदुखी, म्हणून एका कॅमेऱ्यात हा रोल, दुसऱ्यात तो. युद्धाचे फोटो काढणारा रॉबर्ट कापा 25 मे 1954 रोजी व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून मारला गेला, तेव्हाही त्याच्याकडे दोन कॅमेरे होते: काँटॅक्समध्ये ब्लॅक अँड व्हाइट आणि निकॉनमध्ये रंगीत रोल.

स्वीडनच्या हॅसलब्लाडने 1948 मध्ये यावर फार देखणा तोडगा काढला होता. फिल्मची डबीच सुटी! मध्येच ती काढून दुसरी लावा, एकही फोटो वाया जात नाही. पण तो कॅमेरा जड आणि महाग, धावपळीच्या कामाला गैरसोयीचा. बातमीदार फोटोग्राफर दोन छोट्या बॉडींवरच राहिले. 36 फोटो संपल्यावर नेमका प्रसंग घडायचा, ही भीती वेगळीच. लायकात रोल बदलायचा तर तळाची पट्टी काढावी लागे. हात अपुरे पडत, म्हणून अनेक जण ती दातांत धरत. तेवढ्या वेळात दुसरा भरलेला कॅमेरा उपयोगी पडे.

लेन्स हे तिसरे कारण, आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ. लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात फोटोग्राफर लेन्समधून नव्हे, शेजारच्या खिडकीतून पाहतो. मोठा परिसर टिपणाऱ्या वाइड लेन्सला ते छान, लांबचे जवळ आणणाऱ्या टेली लेन्सला निरुपयोगी. 1959 मध्ये आलेल्या निकॉन एफमध्ये लेन्समधूनच दिसे. व्हिएतनाम युद्धात कितीतरी जणांकडे ही जोडी होती: जवळच्यासाठी लायका, लांबच्यासाठी निकॉन. 35 मिमी कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्सही 1959 चीच, पण 24 (वाइड) ते 200 (टेली) मिमीपर्यंत सगळे उत्तम देणारी आणि अंधारातही चालणारी एक लेन्स आजही नाही. म्हणून आज एका खांद्यावर 24-70, दुसऱ्यावर 70-200. शिवाय मांडवाच्या धुळीत लेन्स काढली तर फिल्मच्या जागी आलेल्या सेन्सरवर ठिपके बसतात, ते वेगळेच.

डिजिटलने रोलचे कारण मात्र निकालात काढले. वेग बटणाने बदलतो, रंग नंतर काढून टाकता येतो. कोडॅक्रोम 2009 मध्ये बंद झाली. तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल अमेरिकी फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरीला मिळाला आणि त्यातल्या काही फ्रेम मुंबईत चित्रपट कलावंतांवर खर्च झाल्या.

मग उरली ती निव्वळ धास्ती. अंतरपाट एकदाच दूर होतो, शटर अडकले म्हणून भटजी मंगलाष्टके पुन्हा म्हणणार नाहीत. मेमरी कार्ड बिघडले तर आधी काढलेलेही गेले. निकॉन आणि कॅनन यांनी 2018 मध्ये मोठ्या सेन्सरचे नवे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे आणले तेव्हा त्यांत कार्डाची एकच जागा होती. लग्नाचे काम करणाऱ्यांनी यावर बरीच ओरड केली. 2020 च्या निकॉन झेड 6 टूमध्ये दोन जागा आल्या. त्याने कार्डाची काळजी मिटली, बंद पडलेल्या बॉडीची नाही, त्यामुळे दुसरा कॅमेरा काही सुटला नाही. उलट एक नवे काम वाढले: सकाळी दोन्हींची घड्याळे जुळवणे. ते राहिले, तर फोटो वेळेनुसार लावताना अंतरपाट दूर होण्याआधीच हार घातलेले दिसतात.